पेशंट मी आहे

पेशंट मी, पण डॉक्टरांची खुर्ची माझ्या मुलाकडे वळलेली. "यांचं प्रोस्टेट बरंच वाढलंय. गोळ्या बदलू, नाहीतर ऑपरेशन करू," ते त्याला म्हणाले. मी विचारलं, "ऑपरेशननंतर कीर्तनाला शेवटपर्यंत बसता येईल? ऐन रंगात आलं की मला लघवीला उठावं लागतं." उत्तर मुलानंच दिलं. "बाबा, या वयात कशाला चिरफाड? मी सोय केलीय." त्यानं पिशवीतून मोठ्यांच्या डायपरचं पाकीट काढलं. "हे घाला आणि खुशाल बसा देवासमोर." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, तुझी आई कामाला जायची तेव्हा तुझे लंगोट मी बदलले. डॉक्टरांशी तुझ्या वतीनं मीच बोलायचो, कारण तुला बोलता येत नव्हतं. मला येतं." पाकीट मी त्याच्या मांडीवर ठेवलं. डॉक्टरांची खुर्ची करकरत माझ्याकडे वळली. "हं, काका, बोला," ते म्हणाले.