आधी भांडण

हे लिहिणारच नव्हतो, कारण यात मी एका मुलीच्या हातचा मार खाल्लाय. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि बाबांच्या देशोदेशीच्या बदल्यांपायी परदेशातली ही माझी चौथी शाळा. तिथली सगळीच मुलं माझ्यासारखी, आज इथे, उद्या दुसऱ्या देशात. त्यामुळे नावाच्या आधी विचारायची, "कधीपर्यंत आहेस?"

वर्गात मराठी येणारी एकच मुलगी होती. बाईंनी मला तिच्याच शेजारी बसवलं. तिनेही तेच विचारलं.

"मार्चपर्यंत," मी म्हणालो.

"मग भांडण आजच उरकून घेऊ." असं म्हणून तिने माझी नवीकोरी पट्टी काडकन मोडली. मी तिला माकड म्हणालो. तिने पाठीत धपाटा घातला. मधल्या सुट्टीपर्यंत कट्टी.

सुट्टीत तिनेच बोटं पुढे केली. "बट्टी! अरे, गेल्या वर्षी माझी बेस्ट फ्रेंड भांडण चालू असतानाच दुसऱ्या देशात गेली. बट्टी करायच्या आत विमान सुटलं."

मला हसू फुटलं. मी बोटं जुळवली आणि म्हणालो, "आईशप्पथ, मार्चमध्ये तू माझ्या डोक्यावर बसलीस तरी मी तुझ्याशी भांडणार नाही."