एकाच खटल्यातले दोघे

कोट कमरेत बसेना. साहेबांनी श्वास रोखून पाहिला, पोट आत ओढून पाहिलं, तरी बटणाची आणि काजाची गाठभेट काही होईना. शिवणखात्याच्या शेडमधून बाकीच्या कैद्यांना बाहेर काढलं होतं. आत उरले होते साहेब, हुकमाचा कागद धरून उभा असलेला जेलर, आणि साहेबांच्या कमरेशी गुडघे टेकून बसलेला, ओठांत टाचण्या धरलेला त्यांचा जुना ड्रायव्हर.

तुरुंगात येऊन तो शिंपी झाला होता. गाडीचं चाक सुटलं, मशीनचं चाक हाती आलं; नाव मात्र इथे 'स्टेरिंग'च पडलं. दोन वर्षांपूर्वी, मतदान संपल्यावर मतपेट्यांनी भरलेला ट्रक त्याने नदीत रिकामा करायला नेला होता. शेजारी बसून साहेब "घे डावीकडे" म्हणाले आणि त्याने घेतला डावीकडे, इतकंच. न्यायाधीशांनी दोघांनाही एकाच दिवशी, एकाच दमात सात-सात वर्षं सुनावली होती.

जेलरने घसा साफ करून हुकूम पुन्हा वाचला. साहेबांना तो ऐकायला आवडत होता. "राष्ट्रसेवा आणि खालावलेली प्रकृती ध्यानात घेऊन राष्ट्राध्यक्ष उरलेली शिक्षा माफ करीत आहेत."

खालावलेल्या प्रकृतीला कोट दोन इंच कमी पडत होता.

ड्रायव्हरने मागची शिवण उसवली. कोट चांगल्या हाताचा होता, आत शिवणीला दोन बोटं जादा कापडाची माया सोडलेली होती. कैद्यांच्या सदऱ्याला ती सोडायची नाही, कापड वाचवायचं, असा इथला नियम.

"जपून हं," साहेब म्हणाले. "बाहेर फोटोवाले थांबलेत. आणि तू असा मुका का? गाडीत तर तोंडाला कुलूप नसायचं तुझ्या."

त्याने एकेक टाचणी ओठांतून काढली, बाहीला खोचली. शेवटची निघाली तशी गप्प राहायला सबब उरली नाही.

"साहेब, कागदावर माझं नाव?"

साहेबांनी जेलरकडे पाहिलं. जेलरने कागदाकडे पाहिलं, जणू एवढ्यात उगवलं असेल.

"अरे, एका वेळी एकच नाव चालतं," साहेब म्हणाले. "दोन घातली की लोक बोलतात. आणि तुझी प्रकृती तर ठणठणीत. देव करो, अशीच राहो."

"मी पण अर्ज केलाय साहेब. चार वेळा केलाय."

"मग असेल की रांगेत. मी बाहेर गेलो की बघतो."

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. गाडीची काच खाली करून साहेब रस्त्यावरच्या माणसांना असंच "बघतो" म्हणायचे. मग काच वर जायची, साहेब "चल" म्हणायचे, आणि गाडी तोच हाकायचा.

तो उठला, कोट घेऊन मशीनवर बसला. टाके सरळ पडत गेले. वाकडे घालावेत असं मनात आलं होतं, पण हाताला ते जमेना.

तेवढ्यात म्हातारा शिपाई दारात आला. जेलरला सलाम ठोकला आणि मशीनकडे वळला. "स्टेरिंग, अरे, तुझी बायको आलीय फाटकावर. लेकीला घेऊन. तुला न्यायला."

"न्यायला?"

"रेडिओवर ऐकलं म्हणे, मतपेट्यांच्या खटल्यात माफी झाली. मी म्हटलं, बाई, ती साहेबांना. तर उलट मलाच समजावते. म्हणते, दादा, खटला एक, जज्ज एक, शिक्षा एक, मग माफी तेवढी एकट्याची कशी असेल? तुमचा वाचण्यात काहीतरी घोळ झालाय. कागद नीट वाचा."

जेलरने कागदाची घडी घातली, घडीची घडी घातली आणि खिशात ठेवून वरून खिसा दाबला.

साहेबांनी कोट चढवला. बटण लागलं. ते समाधानाने पोटावरून हात फिरवत म्हणाले, "मस्त केलंस रे." मग जेलरच्या कानाशी वाकून, पण ऐकू जाईल इतक्याच हळू, "त्या बाईला जरा बाजूला घ्यायला सांगा. फोटोत येईल."

दोघं गेले. शिपाई मात्र घुटमळत राहिला. त्याच्या काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"तिने दिलंय. हे अंगात घालून बाहेर या म्हणावं, म्हणाली. खरं तर कोठीत जमा करायला हवं." तो दाराकडे तोंड करून उभा राहिला. "मी पाठ फिरवलीय. बघायचं तर बघ घालून."

निळा शर्ट होता, त्याचाच, अटकेच्या आधीचा. धुतलेला, इस्त्री केलेला. त्याने तो उलटा करून पाहिला. दोन्ही अंगांनी बोटबोटभर आत घेतला होता, हातशिलाईने, मुंगीच्या पावलांएवढ्या टाक्यांनी. दोन वर्षं तिने त्याला भेटीच्या जाळीपलीकडूनच पाहिलं होतं. माप घेतलं असेल ते तेवढ्यातच, नजरेने.

त्याने सदरा काढला, शर्ट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. कुठे ढगळ नाही, कुठे ओढ नाही. फाटकाकडून जयजयकाराचा लोट उठला आणि गाड्यांची दारं धडाधड लागली.

"तिला काय सांगू रे?" शिपायाने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"सांगा, शर्ट अगदी अंगाबरोबर बसला," तो म्हणाला, आणि वरून एकेक बटण काढू लागला.