शर्टांच्या हिशोबात समुद्र

“समुद्राकडच्या खोलीचे रात्रीला चार शर्ट,” टेलरमास्तर म्हणाला आणि कापायच्या टेबलावर खडूनं चार रेघा ओढल्या.

परदेशचा पैसा मास्तरच्या डोक्यात शिरत नसे. म्हणून बायकोला घेऊन ज्या परदेशी बेटांवर जायचं ठरलं होतं, तिथला रोजचा खर्च तो शिलाईत मांडायचा. एका बेटावरून दुसऱ्यावर जायची बोट म्हणजे एका पँटची शिलाई, किनाऱ्यावरचं जेवण म्हणजे एक शर्ट, आणि चहापाणी सगळं काजा-बटणांत. चिल्लर बायकोची, कारण काजं तीच करायची. मास्तर चिकट म्हणजे किती? दुकानात शिरलेली माशी बाहेर पडताना तिच्या पायात गुंतलेला धागा तो सोडवून घेतो, असं शेजारचा न्हावी शपथेवर सांगे. माशीनं ते कधी नाकारलेलं नाही.

बायको आतल्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. मधला पडदा बाजूला सारलेला. सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी मास्तरला एकट्यालाच आत बोलावलं होतं. प्रवासाचं विसरा, म्हणाले. पुढच्या महिन्याचंसुद्धा सांगता येत नाही. बाहेर येऊन मास्तरनं तिला सांगितलं, “तब्येत झकास आहे म्हणतात. खुशाल जाऊन या.” थाप मारण्यात तो कच्चा. पण हिशोब मांडला की तिला खरं वाटेल, म्हणून घरी येताच त्यानं खडू उचलला होता.

“परवापर्यंत मागच्या बाजूची खोली होती,” बायको म्हणाली. “दीड शर्टात. समुद्र दारात फुकट असताना खिडकीतून विकत कशाला घ्यायचा, असं तुम्हीच म्हणालात.”

“असू दे. उठल्या उठल्या दिसेल तुला.”

“बरं. आणि बोट?”

“काचेच्या तळाची. खालचे मासे दिसतात. तीन पँटी.”

“अहो, सगळे बसतात ती साधी बोट?”

“ती फार हळू जाते.”

“आपल्याला कुठं कचेरी गाठायचीय?”

मास्तर ऐकेना. बंदरापासून टॅक्सी. किनाऱ्यावर भाड्याची छत्री, दोन आरामखुर्च्या. दोन्ही वेळचं जेवण हॉटेलात. हातातला खडू झिजला, तसा त्यानं तो टाकून दिला आणि डब्यातून नवा काढला. नखाएवढा खडूही चिमटीत धरून संपवणारा हा माणूस. बायकोनं त्या नव्या खडूकडे बघितलं.

“अहो, इकडं बघा.”

त्यानं बघितलं नाही. गळ्यातली टेप सरळ करत राहिला.

“खरंच होणाऱ्या खर्चाला तुमचा हात कधी सैल सुटलाय? तुमच्यासोबत म्हातारी झाले मी. इतके शर्ट उधळताय, म्हणजे ते शिवायचेच नाहीत. आपण जात नाही, होय ना?”

मशीनवर अर्धवट बाही लोंबत होती. रस्त्यावरून कुणीतरी पंक्चर झालेली सायकल ढकलत गेलं.

“काय म्हणाले डॉक्टर?”

मास्तरनं ओला फडका घेतला आणि समुद्राकडची खोली पुसून टाकली.

“मागची खोली,” तो म्हणाला. “दीड शर्ट. आणि छत्री रद्द. घरची नेऊ.”

बायको त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिनं उशी सरकवली आणि जरा ताठ बसली.

“घरची छत्री वाऱ्यानं उलटी होते.”

“धरून बसायची.”

“मी नाही धरणार.”

“मी धरीन. टॅक्सीही नको. चालत जाऊ. आणि खुर्च्या कशाला? वाळू फुकट आहे.”

“वाळूत बसले तर उठता येणार आहे का मला?”

फडका थांबला.

“एक खुर्ची,” मास्तर म्हणाला. “मी उभा राहीन.”

“तुमच्याकडून उभं राहायचेही पैसे घेतील.”

“बरे घेतील! इकडून तिकडं चालत राहीन. चालत्या माणसाला भाडं नसतं.”

ती हसली. हसता हसता खोकला आला, तो थांबेपर्यंत मास्तर तिच्याजवळ पाण्याचा पेला धरून उभा राहिला. पुन्हा टेबलाशी जाऊन त्यानं काचेच्या तळाची बोट पुसली, मासे पुसले, हॉटेलातलं रात्रीचं जेवण पुसलं.

“मला आइस्क्रीम हवं,” बायको म्हणाली. “रोज.”

“दिवसाआड. एकात दोघं.”

“कंजूष कुठले.” तिच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत नव्हतं तेवढं समाधान होतं. तिनं डोळे मिटले. “थांबू नका. परतीची बोट राहिली ना? तिला किती धरलंत?”

मास्तर खडू घेऊन टेबलावर वाकला. त्यानं दोन रेघा ओढल्या आणि लगेच पुसून टाकल्या.

“ती कापली,” तो म्हणाला. “दोन पँटी वाचतात. राहू तिथंच.”