तारेवरचा हात

"जा, दूध घेऊन ये. मी बसते इथेच," सासूबाई म्हणाल्या. मांडीवरची पिशवी सावरत त्यांनी झुलत्या पुलाच्या जाड तारेवर तळहात टेकवला.

त्यांना दिसत नव्हतं. पण पणजोबांच्या काळापासूनचा तो पूल पाऊल पडलं की थरथरायचा, आणि त्या थरथरीवरून त्या माणूस ओळखायच्या. त्यांचा मुलगा पुलाच्या दुरुस्तीवर होता. पुरात तो मधोमध तोल जाऊन पडला, तो सापडलाच नाही. तरी त्या म्हणायच्या, "रोज येतो गं तो. अर्ध्यावर येऊन थांबतो. मग तुझी पावलं येतात."

पलीकडून दूध घेऊन येताना सूनच अर्ध्यापर्यंत नवऱ्यासारखी लंगडत यायची. तो होता तोवर भीतीपोटी ती पुलावर कधी चढलीही नव्हती. आता उसनं अवसान आणून रोज जायची. म्हातारीची आशा तुटली तर म्हातारी राहायची नाही, एवढंच तिला कळत होतं.

उद्यापासून पूल बंद होणार होता.

ती लंगडत मधोमध आली आणि थांबली. खाली गढूळ पाणी पुढे पुढे चाललं होतं. उद्या नवऱ्यासारखं चालायलाही मिळणार नाही, या विचाराने तिला रडू फुटलं. तिने दुधाची बरणी खाली ठेवली, तार धरली आणि कठड्याच्या खालच्या गजावर एक पाय चढवला.

हाताखाली तार वाजली. टक्. टक् टक्.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. काम संपलं की तो असाच तारेवर पाना आपटायचा. तो आवाज ऐकला की ती घरी तवा चढवायची.

"आले, आले!" ती ओरडली आणि आवाजाच्या दिशेने धावत सुटली.

काठावर सासूबाई एकट्याच बसल्या होत्या.

"दूध?"

"मध्येच राहिलं, आई."

"राहू दे." त्यांनी मुलाचा पाना पुन्हा पिशवीत ठेवला. "पुलावर तो कधीच लंगडला नाही गं. लंगडायचा तो घरात, तुझ्याकडून लाड करून घ्यायला. मी रोज बसायचे ती तू परत येतेस की नाही, हे बघायला."