एका खोलीतल्या दोघी

आई गेल्यापासून ती मामाकडेच वाढली. समुद्राकाठच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा बरोबर काय न्यायचं हे विचारायला तिला हक्काचं कोणी नव्हतं. शेवटी हॉस्टेलने कळवलेल्या नंबरवर तिने होणाऱ्या रूममेटलाच मेसेज केला. "तिथल्या दमट हवेत जीन्स वाळायची नाही, सुती कपडे जास्त घे," असं उत्तर आलं, आणि महिनाभरात दोघींची गट्टी जमली.

पहिल्या दिवशी खोल्याखोल्यांतून आईवडील मुलींचं सामान लावत होते. ती एकटीच बॅग ओढत आपल्या खोलीत शिरली, तर पिकल्या केसांच्या एक बाई खाटेवर चादर घालत होत्या.

"काकू, तुमची मुलगी कुठे गेली?"

बाई ओशाळून हसल्या.

 

"मला मुलगी नाही गं. महिनाभर तुझ्याशी मीच बोलत होते."