सुनेचं पथ्य

सखूबाईनं कढई घासली, पुसली आणि फडताळाच्या वरच्या कप्प्यात पालथी घातली.

"आता तीन महिने हिचं तोंड बघायचं न्हाई," ती म्हणाली.

सुरजनं आईकडं पाहिलं, मग बायकोकडं, आणि गुपचूप पुढची भाकरी मोडली.

ग्रामपंचायतीत रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं. सासू-सुना दोघींनी रक्त दिलं होतं. रांजणगावच्या कंपनीतली शिफ्ट सुटल्यावर अंकिता शिरूरला जाऊन रिपोर्ट घेऊन आली. दारात चप्पल काढता काढता म्हणाली, "आत्या, तुमचं समदं चांगलं हाय. माझंच कोलेस्टेरॉल वाढलंय. तीनशे धा."

"म्हंजी काय?"

"रक्तातली चरबी. नसा बुजत्यात. असंच ऱ्हायलं तर हार्टला धोका हाय म्हणले."

सखूबाई खाली बसली. खुटबावचा तिचा थोरला भाऊ मल्हारी उसाला पाणी देता देता बांधावरच कलंडला होता. बावन्न वर्षांचा गडी. त्याच्याही रक्तात असंच काहीसं होतं, असं मागाहून कळलं.

सुनेशी तिचं फार गोडीगुलाबीचं नव्हतं. अंकितानं कंपनीत नोकरी धरली तेव्हापासून दोघींत कामापुरतंच बोलणं. पण नातू रुद्र पहिलीत होता. आई गेलेल्या लेकराचं काय होतं, हे सखूबाईला कुणी सांगायला नको होतं. ती स्वतः तशीच वाढली होती.

"आत्या, दवाखान्यात तुमीबी चला. मला एकटीला भ्या वाटतं," अंकिता म्हणाली.

एरवी सखूबाई दवाखान्याची पायरी चढली नसती. दोन वर्षांमागं तिला बीपीच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या तिनं आठव्या दिवशी उकिरड्यावर टाकल्या. मला काय धाड भरलीय, एवढंच म्हणाली होती. पण सुनेसाठी ती तळेगाव ढमढेऱ्यातून शिरूरच्या जीपमध्ये बसली.

डॉक्टरांनी आलाच आहात तर म्हणून सखूबाईचाही बीपी पाहिला, छातीला नळी लावली. अंकितानं सासूच्या गुडघेदुखीचं सांगितलं. त्यावरही रोजची एक गोळी मिळाली. तेल किती, चालायचं किती, हे डॉक्टर सांगत होते ते सखूबाईकडं बघून. चूल तिच्या हातात, म्हणून असेल.

तिनं शब्द न् शब्द ध्यानात ठेवला. भजी बंद, दुधावरची साय बंद. तिच्या जिवाभावाची बोकडाची वजडीसुद्धा बंद. आमटीला चमचाभर तेलाची फोडणी. मेथी, शेवगा, मोड आलेली मटकी. एका चुलीवर दोन स्वयंपाक तिला जमणारे नव्हते, तेव्हा सुनेचं पथ्य ते घराचं पथ्य.

एकदा तिनं स्वतःपुरती वाटीभर साय काढली. अंकिता वाटीकडं बघत राहिली.

"तुमी खाल्ली की मलाबी खावीशी वाटंल, आत्या."

सखूबाईनं वाटी मांजरापुढं ठेवली.

सकाळी दोघी कालव्याच्या कडेनं चालायला जात. एकटीनं जायला कसंतरी वाटतं, हे अंकिताचं म्हणणं. आधी पुलापर्यंत जाऊन परत यायच्या, मग पुढच्या वस्तीपर्यंत. चालता चालता माणूस बोलतंच. अंकिता सुपरवायझरच्या तऱ्हा सांगायची. सखूबाईनं तिला आपल्या आईबद्दल सांगितलं, जे तिनं सुरजलाही कधी सांगितलं नव्हतं.

जेवण झालं की दोघी शेजारी बसून गोळ्या घेत. "तुमी गुडघ्याची घ्या, मी माझी घेते. न्हाईतर मी इसरते," अंकिता म्हणायची. तिनं गोळी गिळेपर्यंत सखूबाई हलत नसे.

तीन महिने भरत आले, तेव्हा शेजारची शितल विरजण घ्यायला आली. ती अंकिताच्याच कंपनीत होती.

"काकू, तुमी घरात एवढं पथ्य पाळताय, आन् अंकिता कॅन्टीनला रोज वडे खाती. कवा कवा दोन-दोन."

त्या संध्याकाळी सखूबाईनं सुनेचं ताट वाढलं, पण तिच्याकडं पाहिलं नाही. जिच्यासाठी आपण तोंड बांधलं, ती आपल्याला फसवते, हे तिला फार लागलं. दुसऱ्या दिवशी कालव्यावर ती दहा पावलं पुढं चालली. अंकितानं दोनदा विचारलं, "आत्या, काय झालं?"

"काय न्हाई."

तिनं ठरवलं होतं. आता जे सांगायचं ते डॉक्टरांनाच.

शिरूरला पुन्हा दोघींचं रक्त घेतलं. रिपोर्ट आले. डॉक्टरांनी कागद वाचला, खाली ठेवला.

"तीनशे दहाचं एकशे ब्याण्णववर आलंय. गोळी, खाणं, चालणं, सगळं नीट झालेलं दिसतंय."

"कशाचं नीट, डॉक्टर," सखूबाई म्हणाली. "घरात माझ्याम्होरं पथ्य पाळती आन् कंपनीत वडे खाती. मला समदं कळलंय."

अंकितानं मान खाली घातली.

"तुमीच सांगा तिला. माझा भाऊ असाच उभ्या उभ्या गेला. हिचं काय झालं, तर त्या लेकराला मी म्हातारी किती दिस पुरणार?" तिनं सुनेचा दंड धरला. "मला ही पोरगी पायजे."

डॉक्टरांनी अंकिताकडं पाहिलं. ती पदरानं डोळे पुसत होती. तिनं हळूच मान हलवली.

डॉक्टरांनी जुना आणि नवा, दोन्ही कागद सखूबाईपुढं सरकवले.

"तिला खुशाल वडे खाऊ द्या, सखूबाई," ते म्हणाले. "हे दोन्ही आकडे तुमचे आहेत."