फुटावरची रिंग

प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवलेल्या सळईवरून यल्लाप्पाने हात फिरवला. ती त्यानेच बांधली होती. नव्या इमारतीची टाकी पहिल्यांदा भरली, तेव्हा तिच्याखालचा बीम कोसळला आणि खाली त्यांच्या तात्पुरत्या बिऱ्हाडात भाकरी थापत बसलेली त्याची बायको गेली.

“सळई तुटली नाही, कातरीत सापडल्यासारखी वाकली,” तपासणाऱ्या केतकीमॅडम म्हणाल्या. “माल चांगला होता. पण बीम तिरका चिरला, तिथे त्याला आवळून धरणारी रिंगच नव्हती. नकाशात दर सहा इंचांवर एक रिंग आहे. तुम्ही किती अंतरावर बांधली?”

“फुटावर. ठेकेदार म्हणाला, चालतंय.”

“तुम्हाला कळलं नाही?”

“तीस वर्षं रिंगा बांधतोय, मॅडम. कळलं होतं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“लिहा,” तो म्हणाला. “खाली दुसरंच कुणी राहील, असं वाटलं होतं मला.”